मदत हवी आहे : बी.एड.चा शालेय सराव परदेशात

राजेहो, परदेशातल्या शाळेत छात्राध्यापक म्हणून सराव केलेलं कोणी आहे का इथं? मुलगी दारव्ह्याकडची, बी.एड. दुसरं वर्ष. एनसीटीईच्या (बी.एड.चे नियम ठरवणारी केंद्राची परिषद) २०१४ च्या नियमांत शाळेतले २० आठवडे आहेत, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. या १६ पैकी चार आठवडे परदेशात केले तर विद्यापीठ धरते का, की आधी लेखी परवानगी लागते? पाठ टाचणावर तिथल्या शिक्षकाची सही चालते, की आपल्याच मार्गदर्शकाची?

पोलीस क्लिअरन्सचा (गुन्हा नोंद नसल्याचा दाखला) अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर भरला, फी ५०० रुपये. खरा घोळ नावाचा आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांचं नाव मधात. तिकडचा कारकून दोन वेगळी माणसं समजतो. शपथपत्र पुरतं, की पासपोर्टच दुरुस्त करावा? पदवीवर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र खात्याचा शिक्का) घ्यायच्या आधी राज्याचं साक्षांकन लागते, ते नागपुरात होते की मुंबईच गाठावी लागते? (एजंटचे नंबर नका देऊ, पैसे खाणारेच जास्त.)

अन् तिकडं सुरुवातीला नुसतं मागं बसून निरीक्षण करायला लावतात म्हणे. मग वर्ग कधी हाती येतो? विषय गणित, शिकवायचं इंग्रजीतून.