लेआउटच्या रस्त्यात जुनी विहीर येतेय, 9 मीटर रुंदीतून सवलत कशी मागायची?

रानजाई
नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. आम्ही तिघा भावंडांनी 16 प्लॉटचा लेआउट टाकायचं ठरवलंय. आतला रस्ता 140 मीटर, पुढे बंद. त्याला 9 मीटर रुंदी लागते. अडचण एकाच ठिकाणी आहे: डावीकडे जांभ्याची बांधीव विहीर, उजवीकडे शेजाऱ्यांचा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांचं कुंपण. मधे टेप लावली तर 7.4 मीटर भरले. जेमतेम 11 मीटर लांबीचा तुकडा, बाकी सगळीकडे 9 मिळतात.

"विहीर बुजवा," असं आमच्या आर्किटेक्टने सांगितलं. माझ्याने ते होणार नाही. काठाच्या चिऱ्यावर दोराच्या खाचा पडल्यात, करंगळी बुडेल एवढ्या खोल. मे महिन्यात नळ आटतात तेव्हा अख्खी वाडी इथेच हंडे घेऊन येते. एवढ्या तुकड्यापुरती सवलत मिळेल का? अर्जात काय लिहू?

निवृत्त आरेखक
ताई, मागता येते. 2020 च्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, प्राधिकरणाला स्वेच्छाधिकार आहेत. जागेची खरी अडचण दाखवली तर कारणं लेखी नोंदवून मापांत शिथिलता देता येते. मात्र आरोग्य, अग्निसुरक्षा, सार्वजनिक सुरक्षितता यांना बाध येता कामा नये.

"प्लॉट कमी होतात" हे कारण चुकूनही लिहू नका, फाईल तिथूनच परत येते. दोन नकाशे जोडा: एक पूर्ण 9 मीटरचा, त्यात विहीर जाते ते दिसू दे. दुसरा 7.4 चा. 9 मीटर ही कुंपणापासून कुंपणापर्यंतची रुंदी असते. डांबर सलग 5.5 मीटर ठेवलंत तर गाड्यांची वाट कुठेच अरुंद होत नाही, हे रस्त्याचा आडवा छेद (कापून पाहिल्यासारखं चित्र) काढून दाखवा.

आणि शेजाऱ्यांना विचारलंत का? कमी पडणारे 1.6 मीटर गुणिले 11, म्हणजे पाव गुंठाही नाही.

रानजाई
विचारलं काका. सातबारावर 11 नावं आहेत, निम्मे मुंबईत, दोघे वारलेत आणि वारसनोंद नाही. सही कोणाची घेणार?

निवृत्त आरेखक
मग तो सातबाराच अर्जाला जोडा. हीच तुमची अडचण.

बंबचालक
मी रुंदीपेक्षा विहिरीला घाबरतो. 10,000 लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच 10 टन असतं. चाक काठाजवळून गेलं की तो भार जांभ्याच्या भिंतीवर येतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या. शिवाय रस्ता बंद आहे, तेव्हा टोकाला गाडी वळवायला किमान 81 चौरस मीटर मोकळी जागा सोडा, कुठलीही बाजू 9 मीटरपेक्षा कमी नको. रात्री रिव्हर्समध्ये 140 मीटर यायचं म्हणजे काय, ते आम्हाला विचारा.

रानजाई
दादा, तुमचं वाचून सकाळी विहिरीत उतरून आले. रस्त्याच्या अंगाला उंबराच्या मुळांनी दोन थर फोडलेत, वरून काहीच दिसत नव्हतं. आता डांबर गडग्याकडे सरकवतोय: तिकडे अर्ध्या मीटरचं गटार, विहिरीच्या बाजूला 1.4 मीटर मोकळे आणि भक्कम कठडा. टोकाचा 16 नंबरचा प्लॉट वळणाला सोडला, भाऊ तयार झाला. इंजिनिअर शनिवारी येताहेत. भिंत आधी बांधून घेते, अर्ज त्यानंतर.