सुपरहिरोंची धर्मसंकटं : खरी की लुटुपुटूची?

उंटावरचा शहाणा
सुपरहिरोपटांत धर्मसंकट फक्त ट्रेलरपुरतं असतं, असं माझं ठाम मत आहे. २००२ चा 'स्पायडर-मॅन' घ्या. खलनायक ग्रीन गॉब्लिन पुलावर उभा. एका हातात हिरोला आवडणारी मेरी जेन, दुसऱ्या हातात मुलांनी भरलेल्या केबल कारचा दोर. म्हणतो, निवड! आणि दोन्ही सोडून देतो. आपला हिरो दोघांनाही वाचवतो. मग निवडलं काय, कपाळ? अवघड प्रश्न विचारायचा, आणि उत्तराची वेळ आली की हिरोची ताकद वाढवायची.

'इन्फिनिटी वॉर' (२०१८) तर कहर. खलनायक थॅनोसला हवा असलेला मणी व्हिजन या सुपरहिरोच्या कपाळात आहे. तो स्वतः सांगतोय, हा मणी फोडा, मी मेलो तरी चालेल. कॅप्टन अमेरिका बाणेदारपणे नकार देतो : आपण जिवांचा सौदा करत नाही. मग सगळे वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशात जातात आणि त्या एका जिवासाठी तिथले सैनिक मैदानात पटापट मरतात. हा सौदा नाही तर काय? फक्त मरणाऱ्यांना नावं नाहीत.

निमित्तमात्र
वाकांडाचं पटलं. पुलाचं अजिबात नाही. 'निवड' म्हणणारा खलनायक आहे. त्याने मांडलेला डाव मुकाट्याने खेळायचा, याला नैतिकता कधीपासून म्हणायला लागलो? डाव नाकारणं हीसुद्धा भूमिकाच आहे.

आणि बॅटमॅनच्या 'द डार्क नाइट'मधल्या (२००८) दोन बोटी विसरलात? एकीत कैदी, दुसरीत सामान्य नागरिक, प्रत्येकीकडे खलनायक जोकरने दिलेलं, दुसरी बोट उडवायचं बटण. कुणीच दाबलं नाही तर तो दोन्ही उडवणार. नागरिक चक्क चिठ्ठ्या टाकून मतदान करतात. बहुमत कशाला, तर कैद्यांना उडवायला! पण बटण दाबायला उठलेल्या सभ्य गृहस्थाचा हात काही पुढे जात नाही. तिकडे एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून ते यंत्र मागून घेतो आणि सरळ खिडकीबाहेर भिरकावतो. हेही लुटुपुटूचं?

उंटावरचा शहाणा
बोटींचा प्रसंग अस्सलच आहे, पण तिथे कस लागतो तो सामान्य माणसांचा. त्याच वेळी बॅटमॅन काय करतोय? जोकरला शोधायला अख्ख्या शहराच्या मोबाइलवरून पाळत ठेवतोय. त्याची यंत्रं सांभाळणारा लुशियस फॉक्स म्हणतो, हे यंत्र असेल तर मी नोकरी सोडतो. काम झाल्यावर यंत्र नष्ट. म्हणजे पाळतीचा फायदाही घ्यायचा आणि वर हातही धुवून मोकळं व्हायचं.

तिरकी रेघ
'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये (२००५) तर पळवाट उघडच आहे. मी तुला मारणार नाही, पण तुला वाचवायलाही बांधील नाही, असं म्हणून तो खलनायक रास अल गुलला कोसळत्या ट्रेनमध्ये सोडून जातो. वकील शोभला असता!

शेवटचा बाक
'स्पायडर-मॅन : नो वे होम' (२०२१) कुणीच कसा काढला नाही? दुसऱ्या विश्वांतून आलेल्या खलनायकांना परत पाठवलं तर ते मरणार, म्हणून पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, त्यांना बरं करायला जातो. त्यापायी मे काकू जीव गमावते. शेवटी सगळं जग त्याला विसरतं, त्याची प्रेयसी एमजेसुद्धा. आणखी किती किंमत हवी?

उंटावरचा शहाणा
किंमत आहे, नाकारत नाही. पण पहिला हप्ता काकूने भरला. निर्णय त्याचा, जीव तिचा.

निमित्तमात्र
अहो, काकूनेच तर त्याला गळ घातली होती, यांना मदत कर म्हणून. ती आपणहून उभी राहिली, तिचं श्रेय तिला द्या.

खरी गोम प्रेक्षकांत आहे. 'मॅन ऑफ स्टील'मध्ये (२०१३) खलनायक झॉडच्या डोळ्यांतली आग भिंतीशी अडकलेल्या कुटुंबाकडे सरकतेय. सुपरमॅन विनवतो, थांब. तो थांबत नाही, म्हणून सुपरमॅन त्याची मान मोडतो आणि किंचाळतो. पळवाट नाही, तिसरा मार्ग नाही. तेव्हा 'आमचा सुपरमॅन असा नाही' म्हणून गळे काढले ते आपल्यासारख्या चाहत्यांनीच ना?

उंटावरचा शहाणा
मी काढला होता, पण कारण वेगळं. त्याआधी दोघांच्या मारामारीत इमारतीवर इमारत कोसळली, आत माणसं असणारच. तेव्हा सुपरमॅनच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. किंकाळी फक्त झॉडसाठी.