मदत हवी आहे: गिगाबिटची वायर टाकली, पण कॉपी ११ च्या वर जात नाही

पोफळीखाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज अडलंय म्हणून धागा काढतो.

घर आचऱ्याजवळ, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. लग्नं, मुंजी आणि जत्रांमधले दहिकाले (म्हणजे दशावताराची नाटकं) शूट करतो. दशावतार मध्यरात्री सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. माझे दोन कॅमेरे १०० मेगाबिटने रेकॉर्ड करतात, म्हणजे एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी. पाच तास, दोन कॅमेरे, ४५० जीबी. हे सगळं घरातल्या स्टोरेजच्या डब्यात टाकायचं (दोन हार्ड डिस्कवाला, नेटवर्कवर चालणारा). डबा माजघरात आहे कारण इन्व्हर्टर तिथे. मी एडिटिंगला बसतो मांगरात (घराबाहेरच्या वेगळ्या शेडमध्ये). मधे ६५ मीटर वायर, पोफळींना बांधत नेलेली. दुकानात 'कॅट सिक्स' (नेटवर्क वायरीचा एक दर्जा) म्हणून घेतली, अंगावर छापलंही तसंच आहे. राउटर गिगाबिट, डबा गिगाबिट, लॅपटॉप गिगाबिट.

तरी कॉपी सेकंदाला ११.३ एमबीच्या वर जात नाही. ४५० जीबीला अकरा तासांच्या वर लागतात. नाटक पाच तासांत संपतं आणि कॉपी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालूच. मधे लाइट गेली की परत पहिल्यापासून.

पावसाआधी ११० दिसल्याचं आठवतं, पण शपथेवर सांगणार नाही.

दुसरं दुखणं: म्हटलं तोवर बाहेरची एसएसडी वापरू. खोक्यावर २० जीबीपीएस लिहिलंय. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टात लावली तर ४० एमबी! पैसे पाण्यात गेले का?

करून झालेलं: राउटर बंद-चालू, पोर्ट बदलणे, अँटीव्हायरस बंद, नारळ फोडणे.

हेडफोन

वायर कशाला, चांगला वायफाय सिक्सचा राउटर घ्या की. माझ्याकडे ठाण्यात ६०० मेगाबिट येतात आरामात.

पोफळीखाली

@हेडफोन, ठाण्यात येत असतील. आमच्या भिंती चिऱ्याच्या आहेत, हातभर जाडीच्या, आणि पावसाळ्यात पाणी पिऊन बसतात. माजघरातलं वायफाय खळ्यातच दम तोडतं. मांगरात एक कांडी येते तीही फोन दारात धरला तर.

जुना तारघरवाला

तुमच्या दोन्ही आकड्यांतच उत्तर आहे, फक्त वाचायला हवं.

जाहिरातीतला वेग बिटमध्ये असतो आणि कॉपीच्या खिडकीतला बाइटमध्ये. आठाने भागायचं. १०० मेगाबिट म्हणजे १२.५ एमबी, त्यातून डेटाच्या पाकिटांच्या वेष्टणाचा खर्च वजा केला की ११ ते १२ उरतात. गिगाबिट म्हणजे १२५, हातात ११० ते ११८. तुम्हाला ११.३ येतात. म्हणजे डबा सावकाश नाही, विंडोज आजारी नाही. तुमची लाइन १०० वर चालली आहे, आणि त्या १०० वर ती अगदी भरधाव आहे. आकडा ३० किंवा ५० असा मधलाच असता तर डिस्कवर संशय घेतला असता.

आता १०० वर का? वायरीत आठ तारा, चार जोड्या. जुनं १०० मेगाबिटचं इथरनेट त्यातल्या दोनच जोड्या वापरतं: १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिना, म्हणजे केशरी आणि हिरवी जोडी. १९९९ मध्ये गिगाबिटचं तांब्यावरचं मानक आलं (आयईईई ८०२.३एबी), त्याला चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली तरी गिगाबिट जमत नाही. दोन्ही टोकं आधी गिगाबिटवर जोडून बघतात, जमलं नाही की बऱ्याच चिप मुकाट्याने १०० वर उतरतात. तक्रार करत नाहीत. म्हणूनच माणूस वर्षभर राउटर बदलत बसतो.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट इथे 'लिंक स्पीड' लिहिलेला असतो. तो बघून सांगा. पोर्टावरच्या दिव्याच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा.

भाट्याची पोर

एसएसडीचं मी सांगते. केबल कुठली लावली? फोनच्या चार्जरबरोबर आलेली पांढरी तर नव्हे?

टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. त्या तोंडात २४ पिना असतात, पण चार्जिंगच्या केबलमध्ये त्यातल्या थोड्याच पिनांना तार जोडलेली असते: वीज, आणि यूएसबी २.० ची एक जोडी. यूएसबी २.० हे २००० सालचं, ४८० मेगाबिटचं. भागून ६० येतात, प्रत्यक्षात ३५ ते ४० मिळतात. तुमचे ४० तेच.

एसएसडीच्या खोक्यात एक आखूड, जाडसर केबल आली असेल. ती शोधा.

आणि पूर्ण २० ची आशा धरू नका. नावांचा इतका घोळ करून ठेवलाय की दुकानदारालाही कळत नाही. २००८ चं यूएसबी ३.० हे ५ जीबीपीएसचं. त्यालाच पुढे ३.१ जेन १ म्हणाले, मग ३.२ जेन १. बारसं तीनदा, बाळ तेच. १० जीबीपीएसवाल्याचंही तसंच. तुमची २० वाली म्हणजे ३.२ जेन २ बाय २. ती दोन पदरांनी १०-१० पाठवते, आणि पलीकडचा पोर्ट दुपदरी नसेल तर १० वर चालते. अगदी ४० जीबीपीएसचे थंडरबोल्टवाले लॅपटॉपही अशा डिस्कला बऱ्याचदा १० च देतात. आता यूएसबीच्या संघटनेनेच सांगितलंय की आवृत्त्यांचे आकडे सोडा आणि खोक्यावर सरळ जीबीपीएस छापा. म्हणून केबल घेताना फक्त तो आकडा बघायचा.

पोफळीखाली

@भाट्याची पोर, पांढरीच होती. 🙏 आखूड केबल खोक्याच्या पुठ्ठ्याखाली दडवून ठेवलेली, मी सरळ माळ्यावर टाकली होती. आत्ता ९०० च्या आसपास जातंय. पण कॅमेऱ्याच्या कार्डावरून एसएसडीवर घेताना मात्र ९० वर अडकतं, ते का?

@तारघरवाला काका, लिंक स्पीड १००/१००. लगेच पकडलंत. उद्या टेस्टर आणतो.

भाट्याची पोर

कार्डावर रोमन एक आहे का बघा, बारीक अक्षरात. ते यूएचएस-वन. त्याची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी. केबल सोन्याची लावली तरी त्याहून पुढे जाणार नाही. कॅमेरा घेत असेल तर पुढच्या वेळी रोमन दोनवालं घ्या, मागच्या बाजूला पिनांच्या दोन ओळी असतात.

देवगडकर

तुका सांगतंय, ती वायर खरी कॅट सिक्स नसतली. माका पण तसलीच गळ्यात मारल्यानी. तार ब्लेडान खरवडून बघ.

पोफळीखाली

टेस्टर आणला. आठ दिव्यांपैकी सात लागतात, आठवा नाही. तपकिरी!

मांगराच्या बाजूचा जोड कापला. आत तपकिरी तारेच्या टोकाला पांढरी पूड, चुन्यासारखी. बोटाला लावली तर तार तिथेच तुटून हातात आली. मग @देवगडकर म्हणाले तसं निळ्या तारेवर ब्लेड फिरवलं. वरून तांबूस, आतून चंदेरी. दोनदा खरवडलं, म्हटलं उजेडाचा खेळ असेल. नाही, चंदेरीच.

फूटभर मागे कापून नवा जोड मारला. लिंक स्पीड १०००, कॉपी १०९! दोन दिवस राजासारखा राहिलो. आज सकाळी परत १००. आता?

जुना तारघरवाला

चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. बाजारात सीसीए म्हणतात. कॅट ५ई, कॅट ६ या मानकांना सबंध तांब्याची तार लागते. सीसीएवर काहीही छापलं तरी ती त्या मानकात बसत नाही. ॲल्युमिनियमचा विरोध जास्त, वाकवलं की तडकतं, आणि जोडात मुलामा फाटला की आपल्या खाऱ्या हवेत ते मीठ लागल्यासारखं झिजतं. तांबं हिरवं पडतं, ॲल्युमिनियम पांढरं. पांढरी पूड वाचूनच मला शंका आली होती.

शिवाय वायर घरातली असणार, राखाडी नाहीतर निळी. ते वेष्टण उन्हात एका उन्हाळ्यात चिरतं आणि पावसात पाणी पितं. बाहेरची वायर काळी, जाड वेष्टणाची असते. तुम्ही जोड मारत राहिलात तर दर महिन्याला फूट-फूट मागे सरकाल.

आणि एक. टेस्टरचे आठही दिवे लागले म्हणजे वायर चांगली असं नाही. तो फक्त तार सलग आहे का एवढंच बघतो. सीसीएचे आठही दिवे लागतात, म्हणून तर ती विकता येते.

हेडफोन

मग चांगल्या तांब्याची कॅट सिक्स-ए टाका, १० गिगाबिट मिळेल. आयुष्यभराची निश्चिंती.

जुना तारघरवाला

@हेडफोन, सिक्स-ए वर १० गिगाबिट १०० मीटर जातं हे खरं (साध्या सिक्सवर ५५ च्या आसपास). पण डब्यात फिरत्या डिस्का आहेत, त्या साधारण १५०-२०० एमबीच्या पलीकडे लिहीत नाहीत. अडीच गिगाबिट पुरे, आणि त्याला चांगली ५ई सुद्धा चालते. २०१६ च्या ८०२.३बीझेडने ते मानकात आणलं. गिगाबिटवरही यांचं नाटक साधारण सव्वा तासात उतरेल.

माझं म्हणणं वेगळंच आहे. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांबं नेऊच नका. परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. वायरीवर थेट पडायची गरज नाही, शेजारच्या माडावर पडली तरी ६५ मीटर तांब्यात एवढा झटका तयार होतो की दोन्हीकडचे पोर्ट जातात. डब्याचा पोर्ट गेला तर मग दहिकाले कुठे ठेवाल?

फायबर टाका. काचेतून वीज जात नाही, ती गंजत नाही, खारा वारा तिचं काही बिघडवत नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला उजेड आणि नेटवर्कची साधी वायर जोडून देणारे छोटे डबे). तीन गोष्टी नीट बघून घ्या:

कन्व्हर्टरवर '१०/१००/१०००' लिहिलेलं हवं. १००चेही स्वस्तात मिळतात, घेतलात तर परत इथेच धागा काढाल.

एकाच काचेच्या तारेवर चालणारे घेतलेत तर ते ए आणि बी अशा जोडीने येतात. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा उलट. दोन ए घरी आणलेत तर दोघंही बोलतील, ऐकणार कोणी नाही.

आणि केबलवाल्याची जी चपटी काळी ड्रॉप वायर असते तिच्यात आधाराला पोलादी तार असते. काच वीज नेत नाही, पण ती तार नेते. बिनधातूची मिळाली तर उत्तम, नाहीतर दोन्ही टोकांना पोलाद बाहेरच कापून टाका, नुसती काच आत घ्या.

पोफळीखाली

काका, तीनही गोष्टी कागदावर लिहून दुकानात गेलो. पहिल्या दुकानदाराने दोन ए काढून ठेवले होते! कागद दाखवल्यावर आत जाऊन बी घेऊन आला.

आमच्या केबलवाल्या मुलाने टोकं जोडून दिली, चहा घेऊन अर्ध्या तासात काम झालं. पोलाद ओटीच्या बाहेरच कापायला लावलं. तो म्हणाला, असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

११२. रात्रीत दोनदा पाऊस झाला, सकाळी बघितलं, ११२.

आता एक नवीनच गंमत. एसएसडीवर कॉपी चालू असली की वायरलेस माउस अडखळतो. बाण इकडून उडी मारून तिकडे. कॉपी थांबली की सरळ. पांढऱ्या केबलवर असं व्हायचं नाही.

भाट्याची पोर

माउसचं डोंगल एसएसडीच्या शेजारच्याच पोर्टात आहे ना? यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, आणि माउस नेमका तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर कागद काढला होता, तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाही. पांढरी केबल यूएसबी २ ची, म्हणून तेव्हा त्रास नव्हता. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा किंवा हातभर एक्स्टेंशनवर दूर न्या.

पोफळीखाली

दुसऱ्या बाजूला लावलं. माउस शहाण्यासारखा चालतोय.

धागा बंद करायला हरकत नाही. फक्त ती ६५ मीटर सीसीए अजून पोफळींवरच आहे, काढायला मुहूर्त लागेना. भंगारवाला ॲल्युमिनियम म्हणून घेईल का?

देवगडकर

भंगारात देव नको. पडवळाच्या मांडवाक बरी पडतली.

पोफळीखाली

उशीर झाला. आईने सकाळीच त्यावर चादरी वाळत घातल्यात.