पानांचा संग्रह: सहावीच्या प्रकल्पासाठी सल्ला हवा (ठाणे)

मुलाला शाळेत पंधरा झाडांची पानं वाळवून वहीत लावून न्यायची आहेत. दहा दिवस उरलेत. आम्ही मानपाड्याला राहतो. गेल्या रविवारी सोसायटीतून आठ पानं आणून जाड पुस्तकात दाबली. चार दिवसांनी उघडलं तर जास्वंदीवर पांढरी बुरशी, आणि गुलमोहराची बारीक बारीक पानं देठापासून सुटलेली. लेकरू रडवेलं झालं. या पावसात पानं वाळवायची कशी? आणि बाकीची कुठे शोधू? येऊरला नेऊ का त्याला?

कोपरीकर:
येऊरला फिरायला जरूर न्या, पण तिथून पानं आणू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथलं काही तोडून आणायला परवानगी नाही. पंधरा झाडं तुमच्या सोसायटीत आणि बाहेरच्या रस्त्यावरच निघतील: आंबा, जांभूळ, बदाम, करंज, सोनमोहर, कडुनिंब, सप्तपर्णी. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ तर हमखास असतो.

हिरवी_वही:
ताई, मी वनस्पतीशास्त्र शिकवायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकाचा कागद पाणी शोषत नाही, गुळगुळीत असेल तर अजिबातच नाही. रद्दीचं वर्तमानपत्र घ्या. पान आधी फडक्याने कोरडं पुसा, सुरकुती न पडता पसरा, एखादं पान उलटं ठेवा म्हणजे मागच्या शिराही दिसतील. वर चार-पाच कागद, त्यावर पाट आणि वजन. खरी गोष्ट पुढे आहे: पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलायचे, सकाळ-संध्याकाळ बदलले तर उत्तम. ओले कागद पंख्याखाली वाळवून पुन्हा वापरा. पान जितकं लवकर वाळेल तितका हिरवा रंग टिकतो. अगदीच घाई असेल तर दोन कागदांमध्ये ठेवून मंद इस्त्री फिरवा, वाफ बंद ठेवून. पानफुटी, कोरफड असली मांसल पानं घेऊच नका.

आता गुलमोहर. तुम्ही ज्यांना पानं म्हणताय त्या पर्णिका आहेत. ती सगळी पिसासारखी फांदी मिळून एकच पान. ओळखायची खूण सांगते: पान जिथे फांदीला जोडलेलं असतं त्या बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. मुलाला हे झाडाजवळ उभं करून दाखवा, एकदा पाहिलं की विसरणार नाही. बेलाचं त्रिदळ म्हणजेही एकच पान. कडुनिंबाचंही तसंच, अख्खं घ्या. अशी पानं घरी आणेपर्यंत मिटतात, तेव्हा झाडाखालीच कागदात दाबा.

प्रत्येक कागदावर लगेच पेन्सिलीने झाडाचं नाव, जागा आणि तारीख लिहा. वाळल्यावर सगळी पानं सारखीच दिसायला लागतात. चिकटवताना पातळ डिंक नको, त्याने पान पुन्हा ओलं होतं. देठावर कागदाची बारीक पट्टी लावा किंवा दोऱ्याचा टाका घाला. कण्हेर आणि रुई टाळा, कण्हेर विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो.

ऐरोलीचा_दादा:
खाडीकडे आलात तर तिवर दाखवा त्याला. पान तोडायचं नाही, तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे. पण कोरड्या दिवशी पानावर मिठाचे कण चमकताना दिसतात, खारं पाणी पिऊन झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. फोटो काढून वहीत लावा.

धागा काढणारी:
खूप आभार सगळ्यांचे! कालपासून कागद बदलतोय, अकरा पानं नीट आहेत, बुरशी नाही. एक अडलंय. बागेत दोन पाळ्यांचं पान मिळालं, मुलाच्या तळहातापेक्षा मोठं. आपटा लिहू की कांचन?

हिरवी_वही:
एवढं मोठं म्हणजे कांचन. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असतं. दसऱ्याला बऱ्याचदा आपटा म्हणून कांचनच विकतात, त्यामुळे घोटाळा होतो. सोसायटीतल्या उंच, नागमोडी कडेच्या ‘अशोका’चंही तसंच आहे. तो खरा सीताअशोक नव्हे, आसुपालव. तेही नाव नीट लिहा.

धागा काढणारी:
अशोकच लिहिलं होतं! आत्ता खोडून घेतोय.