पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक: आहे तोच स्लीव्ह करावा (सिलिंडरमध्ये नवी नळी, म्हणजे लायनर बसवावा) की दुसरा आणावा?

दांडियाबाजारकर
वडिलांची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी, बडोदा पासिंग. इंजिन उतरवलंय. पिस्टनवर ०.८० कोरलेलं दिसतंय, म्हणजे पिस्टन तेवढे मिमी मोठे आणि बोअर (सिलिंडर कातून मोठा करणं) आधीच झालेलं आहे. तीन नंबरच्या सिलिंडरला वर नख अडकेल एवढी कड. मेस्त्री हेड उघडल्या उघडल्या म्हणाला, "साहेब, ब्लॉक गयो, बीजो मंगावी लो." मुंबईहून टॅक्सीचा ब्लॉक आणून देतो म्हणतोय. आणू का? आणि मकरपुरा जीआयडीसीत बोअरिंगचं काम नीट करणारं कोणी माहीत आहे का?

लेथकाका
अहो, कड लागली म्हणजे रिंगांनी खालची भिंत घासली, ब्लॉक गेला असं कुठे होतं! आधी मापं घ्या. या इंजिनाचा स्टँडर्ड बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५. बोअर गेज लावून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली मोजायचा आणि दर वेळी गेज नव्वद अंश फिरवून पुन्हा. पिस्टन ज्या बाजूंना रेटतो तिथे झीज जास्त असते, त्यामुळे भोक गोल राहिलंय का ते यातच कळतं.

त्याआधी ब्लॉक पूर्ण उघडा. कोअर प्लग काढा, ऑइल गॅलरीचे प्लगही काढा. वॉटर जॅकेटमधला (पाणी फिरायच्या पोकळीतला) गाळ निघाल्याशिवाय चीर दिसणार नाही. मग वरून प्लेट कसून, जॅकेट बंद करून, आत हवा भरून पाण्यात बुडवायचा. बुडबुडे आले तर कुठून येतात ते बघायचं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. गाडी तापली की बहुधा हेड वाकतं, गॅस्केट उडतं आणि नाव ब्लॉकचं येतं.

चीर नसेल तर चारही सिलिंडरना स्लीव्ह. लायनर दाबून बसवल्यावर वरचा फेस प्लेन करायचा, मग बोअर आणि होनिंग (दगडाने आतून बारीक घासणं). परत ६८ वर याल. पिस्टन मात्र आधी हातात घ्या. क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीतली फट) त्या पिस्टनच्या मापावरून ठरतो, डब्यावरच्या छापील आकड्यावरून नाही.

कुर्लारिटर्न
काकांना अनुमोदन. टॅक्सीच्या ब्लॉकला माझी हरकत एकच: तो आयुष्यभर राबलेला असतो, आणि बहुतेकदा आधीच स्लीव्ह केलेला. तरी घ्यायचाच असेल तर क्रँक ज्यांत फिरतो त्या मेन बेअरिंगच्या तिन्ही कॅप त्याच ब्लॉकच्या आहेत ना, ते बघा. कॅप बसवूनच बेअरिंगची घरं लाइन बोअर करतात, म्हणजे एका रेषेत काततात. दुकानदार पेटीतून "सारख्याच" तीन काढून देतो. त्या कसल्या की क्रँक हाताने फिरत नाही. नंबरांचे ठोके जुळवा, नाहीतर सोडून द्या.

जुनीगाडी७४
कागदाचंही बघा. ब्लॉक बदलला की आरसी बुकातला इंजिन नंबर जुळत नाही, म्हणजे आरटीओत नोंद करणं आलं. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या गाडीला मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. तुमची त्या वयात आलीच आहे. नंबरवाला ब्लॉक भंगारात घालू नका, अगदी चिरलेला निघाला तरी. चीर कुठे आहे त्यावर ठरेल, बऱ्याचदा स्टिचिंग (चिरेत धातूच्या पिना बसवून ती बंद करणं) करता येतं.

बडोदेबुलेट
स्लीव्हचा खर्च करतोच आहात तर बोअर थेट ७२ मिमी करा की! इटलीत पद्मिनीच्या मूळ गाडीला, फियाट ११००डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, ७२ बाय ७५. आपलं १०८९.

लेथकाका
बुलेटराव, ते तिकडचं इंजिन. इथल्या ब्लॉकची भिंत किती उरेल हे अल्ट्रासोनिक गेजने मोजल्याशिवाय ७२ चं नाव काढू नका. ब्लॉक ओतताना साच्यातला कोअर थोडा सरकलेला असला तर एका बाजूने भिंत कागदासारखी निघते.

दांडियाबाजारकर
सगळ्यांचे आभार. मेस्त्रीला मुंबईचा फोन थांबवायला सांगितलंय. उद्या ब्लॉक धुवून प्रेशर टेस्टला नेतो, मापं इथेच टाकेन. काका, होनिंगनंतर ब्लॉक कशाने धुवायचा? मेस्त्री रॉकेल म्हणतोय.

लेथकाका
रॉकेलने तेल जातं, होनिंगची पूड तशीच राहते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. पांढरं फडकं फिरवून काळं येईनासं होईपर्यंत घासा आणि लगेच तेलाचा हात द्या, बीड तासाभरात गंजतं. दुकानाचं नाव व्यनिवर कळवतो.