सार्वजनिक आरोग्याकडे तुम्ही कसे वळलात? (अनुभव धागा)

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) प्रवेशअर्जासोबत एक निवेदन द्यावं लागतं. हा विषय का घ्यायचाय ते दीड पानात सांगायचं. मी पहिल्याच वाक्यात 'समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ' लिहून मोकळी झाले. ज्या बाईंना वाचायला दिलं होतं, त्यांनी तेवढ्यावर काट मारून कागद परत केला. म्हणाल्या, "तळमळ सगळ्यांनाच असते गं. तुला नेमकं काय खुपलं ते लिही."

खुपलं ते असं. मी फिजिओथेरपिस्ट. मोडलेलं हाड डॉक्टर जोडतात, पुढे तो सांधा वाकवायला आणि माणसाला चालवायला मी. एका गुडघ्याला तीन-चार महिने सहज जातात. इतका वेळ बरोबर घालवला की गप्पा होतातच. अपघात कुठे झाला, समोरून कोण आलं, चूक कुणाची. दोन वर्षांत अकरा जणांनी एकाच वळणाबद्दल सांगितलं. अकरावा "तिथे ते एक वळण आहे बघा" म्हणाला आणि त्याचं वाक्य मीच पुरं केलं. तो चमकला, त्याहून जास्त मी चमकले. अकरा जणांना मी इमानेइतबारे उभं केलं होतं, आणि वळण होतं तिथेच होतं.

मग वाचायला लागले. विल्यम हॅडन नावाचे एक डॉक्टर होते. अमेरिकेत १९६६ साली रस्ता सुरक्षेसाठी सरकारी विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांनी अपघाताचा एक साधा तक्ता मांडला. आडव्या ओळी तीन : धडकेआधी, धडकेच्या क्षणी, धडकेनंतर. उभे रकाने : माणूस, वाहन, परिसर. माझी सगळी नोकरी 'धडकेनंतर, माणूस' या एका चौकटीत मावत होती. उरलेल्या चौकटींकडे कोण बघतं, हा माझा प्रश्न.

तुमचं काय? 'तळमळ' सोडून काहीही लिहा. ज्यांनी हे क्षेत्र सोडलं त्यांनीही लिहा.

परिचारिका, बारा वर्षं बालरुग्ण विभागात

जुलाबाने सुकलेलं मूल आणतात तेव्हा ते रडतसुद्धा नाही. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच राहते. सलाईन चढलं की काही तासांत तेच मूल आईकडे झेपावतं. ते बघण्यातलं सुख मी नाकारणार नाही. त्या सुखावरच मी बारा वर्षं काढली.

एकदा एका मुलाचा हात धरला आणि माझ्या तोंडून निघालं, "याची इथली शीर लागत नाही, मागच्या वेळी पायाला लावलं होतं." चेहरा ओळखला नव्हता मी, शीर ओळखली होती. तिसऱ्यांदा आलं होतं ते. आम्ही दर वेळी त्याला बरं करून त्याच पाण्याकडे परत पाठवत होतो. त्या रात्री ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत मी बराच वेळ नुसती बसून होते.

पुढे एमपीएचला असताना १९७१ ची पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीची हकिकत वाचली. कॉलऱ्याची साथ, आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांच्या पुड्या करून घेतल्या, त्या पाण्यात कालवल्या आणि ते पाणी पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. शंभरातले वीस-तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. वर्गात सगळे त्या आकड्यावर थांबले. माझ्या मनात दुसरंच आलं : म्हणजे शीर सापडायची गरजच नव्हती! जे कौशल्य मी बारा वर्षं मिरवलं, ते बहुतेक मुलांना लागूच नये, अशी सोय करता येते. हे पचायला मला थोडा वेळ लागला.

आता मी आयांना ओआरएस शिकवणाऱ्यांना शिकवते. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, हे वाक्य झोपेतही म्हणत असेन. मीठ जास्त पडलं तर मुलाला अपाय होतो, म्हणून 'सपाट' या शब्दावर माझा फार जीव.

संख्याशास्त्राचा माणूस

मला काही खुपलं वगैरे नाही. विम्याच्या हप्त्यांचे हिशेब करायचो, पगार उत्तम होता. मेहुण्याची एक चाळणी चाचणी (लक्षणं नसतानाही आजार हुडकायला करतात ती) पॉझिटिव्ह आली. 'चाचणी नव्वद टक्के अचूक आहे' एवढं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्याने मनात नव्वद टक्के मरून घेतलं. मी कागद घेतला.

आजार शंभरात एकाला, असं धरा. माणसं हजार. आजारी १०, त्यातले ९ सापडले. निरोगी ९९०, त्यांतल्या दहा टक्क्यांना चाचणी चुकून पॉझिटिव्ह म्हणते, म्हणजे ९९. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९. बारात एक. मेहुणा दोनदा कागद बघून जेवायला बसला. पुढच्या तपासणीत काही निघालं नाही, पण ते वेगळं. मुद्दा असा की हा गुणाकार चौथी-पाचवीतला आहे आणि तो करून दाखवायला त्याला महिनाभर कुणी भेटलं नव्हतं. मला वाटलं, विमा कंपनीपेक्षा माझी गरज इथे जास्त आहे. पगार निम्म्यावर आला. कुरकुर चालू आहे.

धागा काढणाऱ्या ताईंना एक प्रश्न. अकरा हा तुमचा अंश झाला. छेद कुठाय? त्या वळणावरून रोज किती वाहनं जातात? शहरातली निम्मी वाहतूक तिथूनच जात असेल तर अकरा हा आकडा कमीही असेल. शिवाय तुमच्याकडे फक्त वाचलेले येतात. जे जागीच गेले ते तुमच्या टेबलावर येत नाहीत, आणि ज्यांना खरचटलं तेही येत नाहीत. निवेदनात लिहिण्याआधी हे बघा. रागावू नका.

पाणीपुरवठ्यातला अभियंता

वरच्या छेदाच्या मुद्द्याला दुजोरा. जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरची गोष्ट सगळे सांगतात : १८५४, लंडन, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला आणि कॉलरा थांबला. खरं तर दांडा ८ सप्टेंबरला निघाला तेव्हा साथ आपसूकच उतरणीला लागली होती, कारण लोक गल्ली सोडून पळाले होते. मला वळवलं ते स्नोच्या दुसऱ्या कामाने, ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून, शेजारशेजारच्या घरांत गेले होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपली पाणी उचलायची जागा थेम्सच्या वरच्या अंगाला, सांडपाण्यापासून दूर नेली. साउथवर्क अँड वॉक्सहॉल खालीच राहिली. स्नोने मृत्यू नुसते मोजले नाहीत, कोणत्या कंपनीची किती घरं तेही घेतलं. दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५ मृत्यू, दुसरीकडे ३७. तीच हवा, तेच शेजारी, फरक फक्त पाणी उचलायच्या जागेचा. आणि हे जंतू बघितल्याशिवाय!

मी पंधरा वर्षं अशाच जागा ठरवत होतो. खर्च, चढ, पाइपची लांबी, एवढेच निकष माझ्या फायलीत. तो तक्ता बघितल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की त्या फायलीत मृत्यूंचाही एक रकाना असायला हवा होता. पंचेचाळिसाव्या वर्षी विद्यार्थी झालो. वर्गातली मुलं सुरुवातीला मला सर समजून उठून उभी राहायची.

नाव नको

मेडिकलला नंबर लागला नाही. हेच कारण. प्रवेशाच्या मुलाखतीत अर्थातच दुसरं सांगितलं होतं. आठ वर्षं झाली, अजून इथेच आहे, त्यामुळे दुसरं सांगितलेलं हळूहळू खरं झालं असावं.

डॉक्टर, प्रॅक्टिस सोडलेला

रक्तदाबाचे पेशंट बघायचो. गोळी वाढव, मीठ कमी करा, पुढचे या. 'मीठ कमी करा' हे इतक्यांदा म्हटलंय की शब्दाला चवच राहिली नाही (कोटी नकळत झाली, राहू दे). एके दिवशी हिशेब केला : निवृत्त होईपर्यंत दिवसाला चाळीस पेशंट बघितले, तरी गावातला सरासरी रक्तदाब एका आकड्यानेही हलणार नाही.

जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाचा १९८५ चा एक लेख तेव्हा हाती लागला. त्याचं म्हणणं, 'हाच माणूस आजारी का पडला?' आणि 'या समाजात इतकी माणसं आजारी का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरंही वेगळी असू शकतात. रक्तदाब खूप वाढलेले मूठभर असतात. थोडासाच वाढलेले असंख्य. पक्षाघाताचे कितीतरी रुग्ण या दुसऱ्या, 'तसं काही नाही हो तुम्हाला' म्हणून घरी पाठवलेल्या गर्दीतून येतात. मग डबाबंद पदार्थांतलं मीठ सगळ्यांसाठीच थोडं कमी करणं हे माझ्या चाळीस चिठ्ठ्यांपेक्षा भारी ठरतं.

यात एक गोम आहे, ती रोजनेच सांगून ठेवलीय. समाजाला मोठा फायदा देणाऱ्या उपायाचा एकेका माणसाला जाणवणारा फायदा नगण्य असतो. ज्याचा पक्षाघात टळला त्याला ते कळतच नाही. दिवाणखान्यात पेढे घेऊन कुणी येत नाही. आईने विचारलं, "म्हणजे आता तू खरा डॉक्टर नाहीस का?" यावर अजून सुचलेलं उत्तर नाही.

चार वर्षांनी बाहेर पडलेली

सोडलेल्यांनीही लिहा म्हणालात म्हणून. एमपीएच झाल्यावर एका संस्थेत लागले, नाव सांगत नाही. गरोदरपणातल्या रक्तक्षयावरचा प्रकल्प. घरोघर जायचो, बायकांची बोटं टोचायचो, आकडे टॅबमध्ये भरायचो. दुसऱ्या वर्षी बायका ओळखू लागल्या. तिसऱ्या वर्षी निधी संपला. अहवाल देखणा झाला, मुखपृष्ठावर मीच काढलेला फोटो आहे. लोहाच्या गोळ्यांचं पुढे काय, या प्रश्नाला 'तो आपल्या प्रकल्पाचा भाग नाही' असं उत्तर मिळालं.

एका बाईने मला विचारलं होतं, "तू पुन्हा टोचायला येणार, की या वेळी काही द्यायला?" मी हसले. हसायला नको होतं.

अकरा-अकरा महिन्यांचे करार, दर वेळी नवा विषय, देणगीदाराला या वर्षी जे आवडेल ते. शिक्षणाबद्दल तक्रार नाही, ते उत्तमच होतं. पण ज्यांना यायचंय त्यांनी नोकरी स्वीकारताना एक विचारावं : निधी संपल्यावर हे काम कोण चालवणार? समोरचा गडबडला तर समजून जा.

लसीकरणात काम करणारी

मी स्वतः लस टाळणारी आई होते. हे मी ऑफिसात फार उशिरा सांगितलं.

अडाणी नव्हते. खूप वाचायचे, तोच घोटाळा होता. मुलाला साडेतीनाव्या वर्षी गोवर झाला. बरा झाला. त्याच्याकडून शेजारच्या सात महिन्यांच्या मुलीला गेला. तिचं लस घ्यायचं वयच झालेलं नव्हतं. बरेच दिवस ती दवाखान्यात होती. तिची आई मला एका शब्दाने बोलली नाही. आजतागायत नाही.

मागाहून शिकले की रोगप्रतिकारशक्ती नसलेल्यांत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो, रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि म्हणून शंभरातल्या पंच्याण्णवांना तरी संरक्षण लागतं. उरलेल्या पाचांत ती मुलगी हक्काने होती. तिची जागा मी माझ्या मुलाला दिली होती.

आता लस नको म्हणणाऱ्या घरी मला पाठवतात. आकडे मी शेवटी सांगते, बहुतेकदा सांगतही नाही. आधी विचारते, भीती नक्की कशाची वाटते? बाया सांगतात. मला त्यातलं प्रत्येक वाक्य ओळखीचं असतं.

सध्या दुसऱ्या सत्रात

व्यवहाराचं थोडं. साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्यसेवा व्यवस्थापन, सामाजिक-वर्तनशास्त्र, हे पाच खांब बहुतेक ठिकाणी असतात. साथीमागे धावण्याची स्वप्नं घेऊन आले होते. निम्मा वेळ डेटा साफ करण्यात जातो. काल एका सर्वेक्षणात वय २०३ असलेले एक आजोबा सापडले. बरेच दिवस त्यांनाच प्रेरणास्थान म्हणून सांगणार आहे.

धागा काढणारी

सगळं दोनदा वाचलं. शेजारच्या मुलीचं तर अजून डोक्यातून जात नाही.

निवेदन पूर्ण खोडलं. 'उरलेल्या चौकटींकडे कोण बघतं' हे वाक्य मला फार आवडलं होतं, तेही गेलं. संख्याशास्त्रवाल्या दादांवर राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन दिवस टिकला. मग वही घेऊन वळणावर गेले. समोरच्या कठड्यावर बसून दर गाडीला एक रेघ, पाचवी आडवी. दुचाकी वेगळ्या, चारचाकी वेगळ्या. एक जण थांबून विचारू लागला, "काय मोजताय?" छेद म्हटलं असतं तर घाबरला असता. "गाड्या," म्हटलं. तो म्हणाला, "गाड्या कशाला, तो फलक बघा ना, झाडामागे गेलाय." आणि खरंच, वळणाचा फलक फांद्यांआड गेलेला. अकरापैकी एकानेही फलकाचं नाव काढलं नव्हतं. कसं काढतील, त्यांना तो दिसलाच नव्हता.

पण म्हणून फलकच कारण, असं लगेच लिहिणार नाही. पुढच्या वळणाचाही फलक बघावा लागेल, तिथल्याही गाड्या मोजाव्या लागतील. सकाळचे सात ते नऊ झालेत. संध्याकाळचं राहिलंय.