त्सुबुरायांचा गोजिरा इतका अवजड का वाटतो?

अबोली_क:
परवा लेकाबरोबर १९५४ चा मूळ जपानी 'गोजिरा', म्हणजे गॉडझिला, पाहिला. तो नववीत आहे. 'गॉडझिला मायनस वन' पाहिल्यापासून त्याला या राक्षसपटांचं वेड लागलंय. काळा-पांढरा सिनेमा, त्यात रबरी सूट घातलेला माणूस, म्हणजे पोरगं दहा मिनिटांत उठणार अशी माझी खात्री होती. पण टोकियो जळतं तो सगळा भाग त्याने हूं की चूं न करता पाहिला, आणि मीसुद्धा. आत माणूस आहे हे माहीत असूनही तो प्राणी पन्नास मीटर उंच वाटतो, हे कसं काय? आणि इफेक्ट्सच्या श्रेयात ज्यांचं नाव येतं ते एईजी त्सुबुराया मुळात कोण? जाणकारांनी जरा विस्ताराने सांगा.

फोकसपुलर:
अबोलीताई, माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी जाहिरातींच्या टेबलटॉप शूटवर कॅमेरा विभागात काम करतो. दुधाची धार, तुटणारं बिस्किट, ग्लासात पडणारा बर्फ, हे आमचं रोजचं. म्हणून आधी वजनाबद्दल सांगतो. पडद्यावर वजन दिसतं ते वेळेमुळे.

पंचवीस मीटरवरून विटेचा तुकडा सुटला तर जमिनीवर यायला त्याला साधारण सव्वादोन सेकंद लागतात. त्याच इमारतीचं एक मीटरचं मॉडेल केलं तर तोच तुकडा अर्ध्या सेकंदाच्या आत खाली. मॉडेल पंचवीसपट लहान, पण वेळ पाचपट कमी, कारण इथे वर्गमूळ चालतं. गोजिराचं टोकियो बहुतेक १:२५ प्रमाणात बांधलं होतं. म्हणजे हिशेबाने सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम घ्यायला हव्यात. दर शॉटला वेग वेगळा ठरतो, पण तत्त्व हेच: कॅमेरा जोरात पळवा, म्हणजे पडद्यावर इमारत सावकाश, जड होऊन कोसळते.

आता याची किंमत बघा. वेग पाचपट केला की प्रत्येक फ्रेमला मिळणारा प्रकाश एक पंचमांश होतो. शिवाय मिनिएचर खरं वाटायचं तर पुढची गल्ली आणि मागची इमारत दोन्ही फोकसमध्ये हव्यात, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) बारीक, म्हणजे आणखी दिवे. सेटची भट्टी होते. त्या भट्टीत हारुओ नाकाजिमा सूट घालून उभे! पहिला सूट सुमारे १०० किलोचा होता. त्यात धड चालता येईना, म्हणून तो कापून कमरेखालचा भाग फक्त पावलांच्या शॉटसाठी वापरला आणि दुसरा, थोडा हलका सूट केला. नाकाजिमांनी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं पाऊल कसं टाकतात ते पाहून घेतलं होतं. तुम्हाला दिसलेला तो रेटा अर्धा कॅमेऱ्याचा आहे आणि अर्धा त्या माणसाच्या पायांचा.

त्सुबुरायांना खरं तर स्टॉप मोशन हवं होतं, म्हणजे बाहुली किंचित हलवत एकेक फ्रेम टिपायची पद्धत. १९३३ चा 'किंग काँग' पाहून ते झपाटले होते. त्याची प्रिंट मिळवून त्यांनी ती फ्रेम-फ्रेम तपासली होती. पण त्या पद्धतीने गोजिरा करायचा तर सात वर्षं लागतील असं त्यांनी सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. निर्माते तोमोयुकी तानाका यांच्या हातात होते काही महिने. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, सगळा देश हादरला, त्यातून हा चित्रपट सुचला, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला तो लागलासुद्धा.

पुष्कळजण सूटला नाइलाजाचा मार्ग म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. स्टॉप मोशनमध्ये गुरुत्वाकर्षण अ‍ॅनिमेटरला हाताने, फ्रेमगणिक आणावं लागतं. इथे प्लास्टर खरोखर फुटतं, धूळ खरोखर उडते. विजेचे मनोरे वितळतात ना? ते मेणाचे होते, दिव्यांच्या उष्णतेने वाकवलेले. नऊ वर्षांपूर्वी बेचिराख झालेल्या शहराची गोष्ट सांगताना समोर काहीतरी खरोखर मोडत होतं, याने मोठा फरक पडतो.

दर्यावर्दी:
छान माहिती. पण त्सुबुरायांचं नाव युद्धकाळातल्या प्रचारपटांशीही जोडलेलं आहे ना? त्याबद्दल लिहाल का?

फोकसपुलर:
हो, ते टाळून त्यांच्याबद्दल बोलताच येणार नाही.

जरा मागून सुरू करतो. जन्म १९०१ चा, फुकुशिमातलं सुकागावा. आई लहानपणीच गेली, आजीने आणि काकांनी वाढवलं. पोराला विमानांचं वेड. १९१६ मध्ये हानेदाच्या विमानविद्यालयात दाखल झाले, पण पुढच्याच वर्षी तिथले शिक्षक अपघातात गेले आणि शाळा बंद पडली. मग विजेच्या तंत्राचं शिक्षण, खेळण्यांच्या कंपनीत काम, आणि १९१९ च्या सुमारास योशिरो एदामासा या दिग्दर्शकाशी ओळख होऊन कॅमेऱ्यामागे. ते आधी कॅमेरामन होते, हे फार महत्त्वाचं आहे. दिग्दर्शक किनुगासांच्या १९२६ च्या 'अ पेज ऑफ मॅडनेस'वर त्यांनी सहायक म्हणून काम केलं. १९३७ च्या एका जर्मन-जपानी चित्रपटात बॅक प्रोजेक्शन (नटांच्या मागच्या पडद्यावर आधी टिपलेलं दृश्य दाखवणं) केलं, आणि त्याच वर्षी तोहो या चित्रपट कंपनीत आले, पुढे 'गोजिरा' काढला तीच.

मग युद्ध. पर्ल हार्बरला वर्ष होतंय त्या मुहूर्तावर, डिसेंबर १९४२ मध्ये, 'हवाई-मलाया समुद्री लढाई' हा चित्रपट आला. नौदलासाठी केलेला उघड प्रचार. त्सुबुरायांनी त्यात अख्खं पर्ल हार्बर मिनिएचरमध्ये उभं केलं. उंचावरून दिसणारा समुद्र त्यांनी कांतेनचा, म्हणजे आपल्या अगरचा केला होता. मॉडेलच्या प्रमाणात लाटा बारीक व्हायला हव्यात, पण पाण्याचा थेंब काही लहान होत नाही. आजही टेबलटॉपवर आम्हाला सगळ्यात जास्त छळतं ते पाणीच. पुढे १९६० मध्ये तोहोने प्रचंड मोठा तलावच बांधला, त्याचं मूळ याच अडचणीत आहे.

युद्ध संपल्यावर, १९४८ मध्ये, या प्रचारपटांपायी त्यांना तोहो सोडावी लागली. काही वर्षं स्वतःची छोटी प्रयोगशाळा चालवून मिळेल ते काम केलं आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते परत आले. ज्या हातांनी विजयाचे बॉम्बहल्ले रंगवले, त्याच हातांनी बारा वर्षांनी जळणारं टोकियो रंगवलं. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे, आणि तरीही १९४२ चा तो चित्रपट त्यांच्या कारकिर्दीतून वगळू नये असंच वाटतं. तंत्र तिथेच घडलं.

केयाकी:
मी जपानात राहते, थोडी भर घालते. सुकागावात 'तेत्ते' नावाच्या नागरी केंद्रात त्सुबुरायांचं संग्रहालय आहे, २०१९ मध्ये सुरू झालं. गावातल्या रस्त्यावर अल्ट्रामॅन या त्यांच्या टीव्ही-नायकाचे आणि राक्षसांचे पुतळे आहेत, शाळकरी पोरं त्यांच्या शेजारून जातात-येतात. त्यांच्या घराण्याचा धंदा कोजीचा. कोजी म्हणजे खास बुरशी वाढवलेला तांदूळ, साके आणि मिसो आंबवायला तो लागतो.

इथे माझ्या वयाच्या लोकांना ते गोजिरापेक्षा अल्ट्रामॅनमुळे जास्त जवळचे वाटतात. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. जानेवारी १९६६ मध्ये 'अल्ट्रा क्यू' टीव्हीवर आलं आणि जुलैत 'अल्ट्रामॅन'. दर आठवड्याला घरबसल्या नवा राक्षस! जानेवारी १९७० मध्ये, इझूमधल्या इतो गावी ते गेले, ६८ व्या वर्षी. त्या वेळीही ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनातल्या मित्सुबिशी दालनासाठी त्यांचं काम चालूच होतं.

अबोली_क:
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो विचारतोय, 'मायनस वन'च्या लोकांचा त्सुबुरायांशी काही संबंध आहे का? आणि पुढचा कुठला पाहू?

फोकसपुलर:
त्याला सांगा, थेट गुरु-शिष्य नातं नाही, पण कामाची रीत ओळखीची वाटते. 'मायनस वन'चे ६१० इफेक्ट शॉट्स ३५ जणांच्या चमूने केले, आणि दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच इफेक्ट्सचे प्रमुख होते. २०२४ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं तेव्हा मी सेटवर ओरडलो होतो. गोजिरा मालिकेतलं ते पहिलंच ऑस्कर.

पुढे १९५६ चा 'रोदान' पाहा. तोहोचा पहिला रंगीत राक्षसपट, म्हणजे तारा आणि सांधे लपवायला काळोख नाही. तारांबद्दल त्सुबुरायांची एक युक्ती प्रसिद्ध आहे: विमानाचं मॉडेल उलटं टांगायचं आणि कॅमेराही उलटा लावायचा. पडद्यावर विमान सरळ दिसतं, तारा त्याच्या खाली जातात, आणि बघणाऱ्याची नजर मात्र वरच तारा शोधत राहते. 'रोदान'मध्ये तो प्रचंड उडता राक्षस फुकुओका शहरावर उतरतो आणि पंखांच्या वाऱ्याने घरांची कौलं उडतात. तो भाग लेकाला थांबवून-थांबवून दाखवा. कौलं सगळी एकदम उडत नाहीत, ओळीने सुटत जातात. ती कुणीतरी हाताने एकेक करून बसवली होती.